भर उन्हाळ्यात गंजलेलं बीड

शीर्षक वाचून बीड जिल्ह्यातल्या मित्रांनी लगेच फोन करू नये. हे बीड म्हणजे ओतीव लोखंड, ज्याचा आजीकडं तवा असायचा आणि ज्याला वर्कशॉपात सगळे कास्टिंग म्हणतात ते. गंजली ती आमची रंधा मशीन, फळ्या तासून सपाट करायची, आणि तीपण पावसाळ्यात नाही, एप्रिलच्या शेवटाला, परभणीत पारा 42 च्या पुढं असताना, दोरीवर टाकलेला पंचा दहा मिनिटांत पापडासारखा कडक होतो त्या दिवसांत. सकाळी शेड उघडलं, मशीनवरची ताडपत्री काढली तर बेडवर, म्हणजे फळी ज्याच्यावरून सरकते त्या बिडाच्या पाटावर, नारिंगी ठिपके, कुणीतरी हळदीकुंकवाचं पाणी शिंपडावं तसे. अण्णा म्हणले पाणी कुणी सांडलं रे, कारागीर एकमेकांकडं बघायले, मी मांजरावर संशय घेतला. खरं कारण सापडायला दुसरा उन्हाळा उजाडावा लागला, ते पुढं सांगतो, पण त्याच्या आधी ही मशीन आमच्याकडं आली तेव्हा मी तिचं काय वाटोळं केलं ते सांगावं लागंल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं फर्निचरचं काम. जिंतूर रोडला पत्र्याचं शेड, अण्णा, मी आणि तीन कारागीर. मशीन एका बंद पडलेल्या सॉ मिलमधून घेतली, जुनी, बटाल्याची. पंजाबातलं बटाला एके काळी ह्या कामासाठी लई नावाजलेलं, तिथल्या फौंड्रीत ओतलेले लेथ, शेपर, रंधे देशभर गेलेत. छोटा हत्तीत घालून आणली, उतरवायला सहा माणसं आणि दोन सागाचे ओंडके लागले. तिकडं ती गळक्या पत्र्याखाली पडून होती, त्याच्यामुळं बेडवर गंजाचा थर असा की नखानं पापुद्रा निघायचा, आणि त्याच्याखाली मधोमध एक गोल काळा डाग, चहाच्या ग्लासाचा का तांब्याचा कुणास ठाऊक. किंमत पाडून मागायला तो गंज कामाला आला हे खरंय. पण घरी आणल्यावर तोच गंज आपला झाला ना.

मी काय केलं, तर फरशी धुवायचं ॲसिड आणलं.

गंज गेला, खोटं कशाला बोलू. फेस आला, पिवळं पाणी ओघळलं, खाली राखाडी बीड उघडं पडलं, मी फोटोपण काढला आणि स्टेटसला ठेवला. वरून दोन बादल्या पाणी मारलं, फडक्यानं पुसलं आणि जेवायला गेलो. जेवून येईपर्यंत अख्खा बेड केशरी! पातळ थर, झेंडूच्या रंगाचा, बोटानं पुसला तर बोटाला लागायला. उघडं लोखंड, त्याच्यावर ॲसिडचं उरलेलं पाणी आणि वरून हवा, आता गंजायला अजून काय पाहिजे त्याला. परत ॲसिड, परत पाणी, परत केशरी. तिसऱ्या खेपेला तर वर काळी काजळी दिसायली आणि मला वाटलं अजून घाण राहिलीय, म्हणून अजून ॲसिड ओतलं.

ती घाण नव्हती. बिडात 2 ते 4 टक्के कार्बन असतो, आणि आपल्या मशीनींना वापरतात त्या राखाडी बिडात तो ग्राफाइटच्या बारीक पापड्या होऊन पसरलेला असतो, पेन्सिलीत असतं तेच ग्राफाइट. म्हणून तर घासलेल्या बिडावर हात फिरवला की हात काळा होतो. ॲसिड लोखंड खातं, ग्राफाइटला दातपण लावत नाही. म्हणजे मी जितकं ॲसिड ओतायलो तितकं लोखंड वाहून जायलं आणि काजळी वर यायली, आणि ती काजळी काढायला मी अजून ॲसिड ओतायलो. वर ह्या ॲसिडातलं क्लोराइड बारीक भोकांत जाऊन बसतं ते वेगळंच. वरून कितीही पुसा, चार दिवसांनी आतून पुरळ फुटतो.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. उरलेली अर्धी बाटली मी शेडमधी फळीवर ठेवली, बूच नीट बसलं नव्हतं. पंधरा दिवसांत त्या फळीवरच्या पटाश्या, ड्रिलचे बिट, कानशी, अण्णांचा गुण्या, सगळ्यांवर गंज. ह्यांना मी ॲसिडचा थेंबपण लावला नव्हता. पण त्या ॲसिडची वाफ बाहेर पडत राहते आणि जवळपासच्या सगळ्या लोखंडावर जाऊन बसते. तो गुण्या अण्णांनी नवीन धंदा टाकला तेव्हाचा. पुढं दोन दिवस घरात मला कुणी नावानं हाक मारली नाही, "साहेब जेवायला या" म्हणायले.

मग शहाणपणा नंबर दोन. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावली. म्हणलं बनी तो बनी नहीं तो परभणी, आणि आपण तर परभणीतच आहोत. काय चमक आली, सांगतो तुम्हाला, लग्नातल्या स्टीलच्या ताटासारखी. तो गोल काळा डाग हट्टानं बसलेला होता म्हणून त्याच्यावर जरा जास्त वेळ डिस्क धरली, मग बेडच्या कडेला एक डाग दिसला तिथं अजून जास्त. मधला डाग तरी फिकाच झाला, गेला नाहीच. संध्याकाळी बेडवर तोंड दिसायलं. दुसऱ्या दिवशी दोन सागाच्या फळ्या रंधून एकमेकींना लावल्या तर मधी फट. परत रंधल्या, परत फट. कारागीर म्हणला ब्लेड लावायला चुकलंय, ब्लेड काढून परत बसवले, तरी फट. मग त्या फटीत फेव्हिकॉल आणि भुसा कालवून भरला आणि गिऱ्हाइकाला दिलं, आता कबूल करतो.

शेजारी चाचांचं लेथचं दुकान आहे. चाळीसेक वर्षं टर्निंग केलेला माणूस, बोलणं आपलं परभणीचं, अर्धं मराठी अर्धं दखनी. फटीचं ऐकून ते आले, येताना कापडात गुंडाळलेली, एकदम सरळ धारेची एक पट्टी घेऊन आले, स्वतःच्या लेकरालापण हात लावू देत नाहीत अशी. पट्टी बेडवर आडवी उभ्या धारेनं टेकवली आणि मला म्हणले पीछे से टॉर्च मार. मोबाईलची टॉर्च मारली. कडेला, मी हौसेनं घासलेल्या जागी, पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ. मग त्यांनी झेरॉक्सच्या कागदाच्या पट्ट्या फाडल्या, हा साधा कागद साधारण 0.1 मिमी जाड असतो, आणि एकेक आत सरकवायले. एक गेली. दोन गेल्या. तिसरी अडली. चाचांनी पट्टी परत कापडात गुंडाळली, सावकाश, आणि म्हणले, "दाग निकालने गया था, बेड निकाल दिया तूने. दाग क्या खाता था तेरेकू?"

हे वाक्य मी शेडच्या भिंतीवर पेंट करून घ्यायला पाहिजे होतं. बिडाचा बेड दिसायला कसाही असला तरी चालतो, तो सपाट पाहिजे. फळी बेडवरून सरकते, बेड जसा तशी फळी. बेडला पोट पडलं तर फळीला पोट येणार, मग जोड कुठून बसायचा. मशीन बनवणाऱ्यानं ते बीड कारखान्यात मशीनवर घालून सपाट केलेलं असतं, आणि आपण हातात ग्राइंडर धरून ती सपाटी पाच मिनिटांत घालवतो, कारण आपल्याला फोटोत चमक पाहिजे.

चाचांचा हिशोब फार साधा होता. बेडवर नख फिरवायचं. नखाला जे वर लागतं तो गंज, लोखंडाचा गंज झाला की तो दुपटीच्या वर फुगतो, त्यामुळं तो वर आलेलाच असतो, तो काढायचा. नखाला काहीच लागत नाही पण डोळ्याला दिसतो तो डाग, तो राहू द्यायचा. आणि नख जिथं खाली अडकतं तो खड्डा, त्याच्या नादाला लागायचंच नाही, कारण खड्डा घालवायचा म्हणजे बाकीचा सगळा बेड घासून त्याच्या खाली न्यायचा, ते काम ग्राइंडिंगच्या मोठ्या मशीनचं. छोट्या खड्ड्यांनी लाकडाला काही होत नाही, फळी त्याच्यावरून पूल केल्यासारखी निघून जाते.

मग उरलेला बेड, जिथं माझा ग्राइंडर पोचला नव्हता आणि ॲसिडनंतर गंज परत चढला होता तो अर्धा भाग, चाचांनी सांगितल्यासारखा केला. पहिलं म्हणजे मेन वायर काढून ठेवली आणि ड्रमचे ब्लेड उतरवले, कारण घासताना हात घसरला तर मशीन बंद असली तरी ब्लेड ते ब्लेडच. मग कोरड्यातच खरडायला सुरुवात. पाणी नाही, तेल नाही. पुट्टीवाल्याकडची पत्ती घेतली, तिची धार कानशीनं सरळ करून कोपरे गोल केले, कोपरा टोकदार राहिला तर बेडवर रेघ मारतो. पत्ती आडवी धरून, जवळजवळ बेडला झोपवून, पुढं ढकलायची. पापुद्रे असे निघायले की बघत राहावं, पोळीचा पदर सुटावा तसे. ह्याच्यातच निम्म्याच्या वर काम झालं. मी ॲसिडवर जेवढे पैसे घातले त्याच्या दहाव्या हिश्श्यात पत्ती आली असती.

नंतर डिझेल. पूर्वी रॉकेल वापरायचे, ते आता मिळतंय कुठं. फडक्यानं डिझेल लावून अर्धा तास चहापाणी, तेवढ्यात ते गंजाच्या खाली मुरतं. मग भांडी घासायचा हिरवा स्क्रबर एका लाकडी ठोकळ्याखाली धरून घासला. मग वॉटर पेपर, गाडीच्या डेंटिंग पेंटिंगवाल्यांकडं मिळतो तो, आधी 320 आणि शेवटी 400, तोपण ठोकळ्यालाच गुंडाळून. बोटानं पेपर दाबला की बोटाएवढी जागा खोल जाते, म्हणून ठोकळा, आणि ठोकळा आधी आपल्याच रंध्यावर सपाट केलेला. (चांगल्या रंध्यावर. म्हणजे शेजाऱ्याच्या.) हात लांबीच्या दिशेनं, फळी सरकते त्याच दिशेनं, गोल गोल नाही. गोल घासलं तर डोळ्याला छान दिसतं पण उजेडात सगळीकडं चकल्या दिसतात.

आणि ह्याच्यात एक खूण आहे जी मला कुठल्याच व्हिडिओत दिसली नव्हती. घासताना डिझेलचा जो चिखल होतो त्याच्या रंगाकडं बघायचं. सुरुवातीला तो चहासारखा लालसर तपकिरी असतो. फडक्यानं पुसायचा, नवीन डिझेल, परत घासायचं. हळूहळू तो चिखल काळपट राखाडी होत जातो. लाल आहे तोवर तुम्ही गंज काढायलात. राखाडी झाला की बीड काढायलात, थांबा. चाचा तर नुसतं लांबून फडकं बघून ओरडायचे, "बस कर रे, अब लोहा खारा तू."

दोन संध्याकाळी गेल्या. हाताचा डिझेलचा वास चार दिवस गेला नाही, बायकोनं भाकरी वेगळ्या टोपल्यात दिली.

तो मधला गोल काळा डाग मात्र अजूनपण होता. आई म्हणली चिंच लाव, तांब्याची भांडी कशी निघतात. चिंच काम करते, तिच्यातलं आंबट गंजाला विरघळवतं, पण चिकट काम आहे आणि आई सवयीनं चिंचेत मीठ घालायली, ते मी हातातून घेतलं. बिडाला मीठ म्हणजे विषच, त्याच्यातपण तेच क्लोराइड. चिंचेऐवजी मी लिंबूसत्व घेतलं, किराणा दुकानात मिळतं ते पांढरं, लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम. अण्णांच्या जुन्या धोतराची घडी त्या पाण्यात भिजवून डागावर ठेवली, वरून प्लॅस्टिक म्हणजे वाळायला नको, वाळलं की कडेनं नवीनच डाग पडतो. वीस मिनिटांनी उचलून बघितलं, काळ्याचा राखाडी झाला होता. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसलं म्हणजे आंबट मरतं, मग कोरडं, मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर पाच मिनिटं मारला, आणि बेड गरम असतानाच डिझेलचा हात. इथं घाई पाहिजे, ओलं आणि उघडं बीड गप्पा मारायला वेळ देत नाही. डाग अजून थोडा दिसत होता. परत एकदा ठेवावं वाटलं, नख फिरवून बघितलं, काही लागलं नाही, सोडून दिला.

हार्डवेअरवाल्याकडं रस्ट रिमूव्हर म्हणून बाटल्या मिळतात, त्यातल्या बऱ्याच फॉस्फोरिक ॲसिडच्या असतात. ते गेटला, खिडकीच्या ग्रीलला भारी, कारण ते गंजाचं फॉस्फेट करून टाकतं आणि वरून रंग मारला की काम झालं. पण बेडवर रंग कोण मारणार. त्याच्यानं बेड काळपट करडा होतो आणि तो रंग सहजासहजी जात नाही. वापरू नका असं म्हणत नाही, नुकसान नाही, फक्त आधी माहीत असू द्या.

मी ग्राइंडरनं केलेला खड्डा तसाच आहे. संभाजीनगरला वाळूजमधे ग्राइंडिंग करून मिळेल म्हणले, पण बेड उतरवून नेणं आणणं धरून जो आकडा निघाला तो मशीनच्या निम्म्या किमतीएवढा. खड्डा कडेच्या बाजूला आहे, म्हणून फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरकवायची उभी आडपट्टी, तिकडं सरकवून पक्की करून टाकली. बेडची रुंदी चार बोटं कमी झाली. अण्णा येणाऱ्या जाणाऱ्याला ती चार बोटं दाखवतात.

आता कूलर.

पहिल्या उन्हाळ्यातले ठिपके मी वॉटर पेपरनं काढले आणि विसरलो. दुसऱ्या वर्षी परत एप्रिल, परत ठिपके. ह्यावेळी मात्र नीट बघितलं. ठिपके सगळीकडं नव्हते. बेडचा दरवाज्याकडचा भाग स्वच्छ, आतल्या बाजूला दाट. फेन्सच्या आडोशाला एकपण नाही, जणू फेन्सनं छत्री धरली होती. आणि चष्मा लावून जवळून बघितलं तर प्रत्येक नारिंगी ठिपक्याच्या मधोमध एक पांढरा कण, मिठाच्या दाण्यासारखा. तो पांढरा कण बघितला आणि मी सरळ मान वर केली, समोर कूलर.

आमच्याकडं मार्च ते जून कूलर चालतो, डेझर्ट कूलर, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा, त्याच्याशिवाय पत्र्याच्या शेडमधी माणूस टिकणारच नाही. त्याच्यात पाणी बोअरचं. आमचं बोअरचं पाणी किती जड आहे ते कूलरच्या टाकीच्या कडेला बसलेला पांढरा थर सांगतो, पंपाची जाळी दर महिन्याला टोकरून काढावी लागते. पंप जास्त पाणी सोडायला लागला की हवेबरोबर बारीक तुषार उडतात, अंगावर पडले की आपल्याला बरं वाटतं, बेडवर पडले की थेंब वाळतो, क्षार राहतात, आणि क्षार हवेतला ओलावा ओढून धरतात. लोखंडाला गंज धरायला हवेतला ओलावा साधारण 60 टक्क्यांच्या वर लागतो. एप्रिलमधली आपली दुपारची बाहेरची हवा तर त्याच्या जवळपासपण जात नाही, म्हणून आपण बिनधास्त असतो. पण कूलरच्या तोंडापुढं तुम्ही कोकण तयार केलेलं असतं. दिवसभर कोकण, आणि रात्री शटर बंद करून वरून प्लॅस्टिकची ताडपत्री, म्हणजे तो ओलावा कुठं जायला नको.

कूलर हलवायचा म्हणलं तर कारागिरांनी संपच केला असता. शेवटी कूलर मशीनच्या पाठीमागं घेतला, हवा माणसांच्या बाजूनं जाते आणि मशीनला पाठ मिळते. पंपाला कॉक लावून पाणी कमी केलं. ताडपत्री काढून आईची फाटकी गोधडी टाकली, सुती कापडातून हवा खेळती राहते. ह्या वर्षी मे संपला, एक ठिपका नाही. एका कारागिरानं दुपारी कुणी नसताना कूलर परत फिरवला होता हे मला माहीत आहे, पण मी काही बोललो नाही.

पावसाळ्याचं वेगळं आहे. तिथं पाऊस कमी आणि मशीनचा घाम जास्त त्रास देतो. जड बीड रात्रभर थंड होतं, सकाळी शटर उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते आणि फ्रीजमधल्या बाटलीवर येतं तसं पाणी बेडवर येतं. रिमझिम लागून राहिली की हे रोज सकाळचं. शटर उघडल्या उघडल्या फॅन लावायचा आणि बेड कोरड्या फडक्यानं पुसायचा, दोन मिनिटांचं काम आहे, पण हे दोन मिनिटांचं काम रोज करणारा माणूस शोधणं अवघड आहे. महालक्ष्म्यांना आमचं शेड तीन दिवस बंद असतं, तेव्हा मात्र मी आदल्या रात्री स्वतः मेण लावून जातो.

मेण घरीच करतो. मधमाशीचं मेण खिसून तारपीनमधे टाकायचं, आणि गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून विरघळवायचं, गॅस बंद करून, कारण तारपीन भडकतं. थंड झालं की लोण्यासारखं होतं. फडक्यानं पातळ लावायचं, धुरकट झालं की कोरड्या फडक्यानं घासून काढायचं. बेड हाताला रेशमासारखा लागतो आणि सागाची फळी न ढकलता सरकते. सिलिकॉनचे स्प्रे मात्र लाकडाच्या मशीनवर मारू नका, ते फळीला लागतं आणि नंतर पॉलिश मारताना तिथं माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. ग्रीस लावलं तर भुसा चिकटून बसतो आणि भुसा ओलावा धरतो. आणि जळकं ऑइल, जे आपल्याकडं गाडीपासून गेटापर्यंत सगळ्याला लावतात, त्याच्याबद्दल माझं भांडण आहे. गाडीतून काढलेल्या ऑइलमधे इंजिनात जळून तयार झालेलं आंबट असतं, थोडं पाणीपण असतं. त्याला गंजावरचं औषध समजून आपण गंजाचंच बी लावतो. वर फळ्या काळ्या होतात त्या वेगळ्या.

काळ्यावरून आठवलं. मधी एकानं ताजी चिरलेली ओली बाभळीची फळी रात्रभर बेडवर ठेवली. सकाळी बेडवर निळसर काळा छाप, फळीच्या शिरा न शिरा उमटलेल्या. हा निव्वळ गंज नाही, ही शाई आहे, अक्षरशः. बाभळीत टॅनिन असतं, म्हणून तर तिची साल चामडं कमवायला वापरतात, आणि टॅनिनला लोखंड मिळालं की काळं होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून शाई करायचे ते हेच. लिंबूसत्वाच्या घडीनं तो बराचसा निघतो. मी अर्धाच काढला, अर्धा ठेवलाय, दिसायला चांगला आहे.

आता राहिला बाकड्यावरचा वाईस, वस्तू आवळून धरायचा, तोपण बिडाचा, त्याचा स्क्रू आणि जबडे गंजून एक झालेत. त्याला विजेच्या पद्धतीनं काढायचंय, प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरचा मायनस वाईसला आणि प्लस एका भंगार लोखंडी पट्टीला. उलटं जोडलं तर वाईसच विरघळायला लागंल, त्यामुळं दोनदा तपासायचं. प्लसला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं, मीठपण टाकायचं नाही, आणि बुडबुड्यात हायड्रोजन असतो म्हणून शेडच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली. सोडा आणलाय, टब आणलाय. चार्जर चौकातल्या बॅटरीवाल्याकडं मागितलाय, तो म्हणतो रविवारी घेऊन जा आणि सोमवारी सकाळी दहाच्या आत परत दे, आणि हो, चाचांना बरोबर घेऊन ये, तुझ्या एकट्याच्या हातात देत नाही.